माळाचा कस आणि कोंबडीचं अंडं

नेदरलँड्सच्या मधोमध, गेल्डर्लंड प्रांतात, बार्नेव्हेल्ट नावाचं गाव आहे. गडद तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या एका जातीला याच गावाचं नाव मिळालंय. अंड्यांचा व्यापार, पोल्ट्रीच्या लांबच लांब शेड, उबवणी केंद्रं, खाद्याचे कारखाने, झालंच तर कोंबड्यांचं एक संग्रहालय. गावाचा सगळा संसार कोंबडीवर. इथून पूर्वेकडे निघालं की थोड्याच वेळात सपाट जमीन हलकेच चढू लागते, कुरणं मागे पडतात, पाइनची झाडं येतात आणि मधूनमधून खुरट्या झुडपांचे मोकळे माळ लागतात. हा व्हेलुवेचा उंचवटा. १९८०च्या दशकात इथल्या जंगलात घरट्यांच्या पेट्या तपासणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञांना काहीतरी भलतंच दिसू लागलं. ग्रेट टिट, म्हणजे आपल्या वल्गुलीच्या युरोपातल्या बहिणी, पातळ आणि सच्छिद्र कवचाची अंडी घालत होत्या. काही अंड्यांना कवचच नव्हतं. काही माद्या रिकाम्या घरट्यावर उबवायला बसलेल्या सापडल्या.

कवचाला चुना लागतो. ही पाखरं तो गोगलगायींच्या शंखांतून मिळवतात. गोगलगायी नाहीशा झाल्या होत्या, कारण पाचोळ्यात चुना उरला नव्हता, आणि तो उरला नव्हता कारण आकाशातून पडणाऱ्या आम्लानं तो धुऊन खाली नेला होता. ‘नेचर’ या नियतकालिकात १९८९ आणि १९९४ साली याविषयी निबंध छापून आले. त्या काळी आम्लात कारखान्यांच्या गंधकाचा मोठा वाटा होता. पुढे गंधक आटोक्यात आलं. राहिला तो नायट्रोजन, आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत नत्र. व्हेलुवेवर पडणाऱ्या नत्राचा एक मोठा हिस्सा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर, अमोनियाच्या रूपात, ज्या खोऱ्यातून येतो ते खोरं जगाला अंडी पुरवणाऱ्या बार्नेव्हेल्टचं.

या एका गोष्टीवरून नेदरलँड्समध्ये सरकारं हलली, महामार्ग ट्रॅक्टरांनी अडले, घरबांधणी थांबली. भांडणाचं स्वरूप बाहेरून ‘शेतकरी विरुद्ध निसर्ग’ असं दिसतं. तशी मांडणी दोन्ही बाजूंना सोयीची आहे, पण ती चुकीची आहे असं माझं मत. हा प्रश्न कसाचा आहे. जमिनीचा कस कुठून निघाला, कुठे साठला, कोणाच्या खिशात गेला, याचा हिशेब मांडल्याशिवाय तिथल्या माळाचंही काही समजणार नाही आणि शेतकऱ्याचंही.

हिशेब बर्फापासून सुरू होतो. व्हेलुवेचं सर्वोच्च ठिकाण समुद्रसपाटीपासून ११० मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस त्याला टेकाडही म्हणणार नाही. पण जिथे देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे तिथे ११० मीटर म्हणजे पर्वतच. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, आधीच्या हिमयुगात, स्कँडिनेव्हियातून सरकत आलेल्या बर्फाच्या जिभा इथवर पोचल्या. वाटेत ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांनी लाखो वर्षं आणून टाकलेली वाळू आणि रेती होती. बर्फानं ती पुढे आणि बाजूला रेटली. गोठलेले थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पत्त्यांसारखे एकमेकांवर तिरपे चढले आणि बर्फ वितळल्यावर जिभेच्या कडेनं बांध उभा राहिला. भूगोलाच्या पुस्तकातला हा हिमोढच, फक्त दगडगोट्यांऐवजी मुख्यतः नदीच्या वाळूचा. त्यानंतरच्या हिमयुगात बर्फ हॉलंडपर्यंत आला नाही, पण थंड, उजाड वाळवंटी वारा आला आणि त्यानं या बांधावर बारीक वाळूची आणखी एक चादर अंथरली. गोठलेल्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यानं कोरलेल्या दऱ्या आजही आहेत. त्यांत ओहोळ नाही, कारण आता जमीन गोठलेली नाही आणि पडलेला पाऊस सरळ खाली जिरतो.

आपल्याला यातली मेख पटकन कळावी अशी आपली स्वतःची जमीन आहे. दख्खनचा काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातून चुना, मॅग्नेशियम, लोह सुटत राहतं. काळ्या रानात नांगर फिरवला की चुनखडीचे खडे वर येतात. खडकच तिजोरी आहे. व्हेलुवेच्या खाली तिजोरी नाही. तिथे आहे क्वार्ट्झची वाळू, नद्यांनी आधीच घोळून, धुऊन, निकस करून आणलेली. तिच्यात जो काही थोडा चुना होता तो पावसानं हजारो वर्षांत नेला. वरच्या मातीतलं लोह खाली उतरतं, राखेसारखा फिकट पट्टा वर उरतो आणि खाली काळपट, घट्ट थर जमतो. अशा मातीला रशियन भाषेतून आलेलं ‘पॉडझॉल’ हे नाव आहे. मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, आइंडहोव्हनला राहणाऱ्या पुतण्याबरोबर, तिथे चालायला गेलो होतो. माळावरचं ते खुरटं झुडूप, म्हणजे हेदर, फुललेलं होतं, जांभळ्या फुलांचा गालिचा वगैरे जे फोटोत दिसतं ते सगळं होतं. पायवाटेच्या कडेला जमीन कापलेली होती, तिथे तो राखाडी पट्टा वीतभर खाली स्पष्ट दिसत होता. पुतण्या फुलांचे फोटो काढत होता. मी मातीचा काढला, म्हणून घरी बराच वेळ माझी थट्टा झाली.

अशा जमिनीवर माणूस जगला कसा? आधी जंगल होतं. नवाश्मयुगापासून ते तोडलं, जाळलं, चारलं गेलं. चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे दफनाचे उंचवटे आजही शेकड्यांनी उभे आहेत. जंगल हटलं तिथे निकस मातीवर भागवणारं हेदर आलं आणि हेदर खाऊन जगणाऱ्या मेंढ्या आल्या. मध्ययुगाच्या सुरुवातीला इथल्या वाळूतले लोहयुक्त गोटे, ज्यांच्या आत सुटा गाभा खुळखुळतो, ते गोळा करून लोखंड गाळलं जाई. त्या भट्ट्यांच्या कोळशासाठी किती झाडं गेली असतील याचा अंदाज धातुमळीच्या ढिगांवरून करता येतो. लोखंड संपलं. मेंढी राहिली.

मेंढीचं काम लोकर आणि मांस देणं हे दुय्यम होतं. मुख्य काम कस वाहून आणण्याचं. दिवसभर मेंढ्या माळावर चरत, रात्री गोठ्यात येत. शेतकरी माळावरून हेदर आणि त्याच्या मुळांसकट मातीचे पापुद्रे फावड्यानं सोलून आणत आणि गोठ्यात अंथरत. त्यावर मेंढ्यांचं लेंडी-मूत पडे, पुन्हा पापुद्रे, पुन्हा लेंडी. हिवाळाभरात गोठ्याची जमीन माणसाच्या कमरेपर्यंत चढे. वसंतात ते सगळं खणून गावाजवळच्या राय नावाच्या धान्याच्या शेतात टाकत. शतकानुशतकं असं चालल्यावर ती शेतं मीटरभर उंच झाली. डच लोक त्यांना ‘एन्क’ म्हणतात आणि काळसर, भुसभुशीत अशी ती माती आजही ओळखू येते. आपल्याकडे धनगर पैसे किंवा धान्य घेऊन शेतात मेंढ्या बसवतो तेव्हा हेच घडतं. सह्याद्रीच्या उतारावर राब भाजताना डोंगरावरचा पाला-फांद्या भाताच्या रोपवाटिकेत आणून जाळतात, तेही हेच. आसपासच्या मोठ्या रानाचा कस एका छोट्या तुकड्यात गोळा करायचा आणि त्यावर पोट भरायचं.

यात कोणी श्रीमंत झालं नाही. एक हेक्टर रायसाठी कित्येक हेक्टर माळ सोलावा लागे. सोललेल्या माळावर हेदर परत यायला वर्षं लागत. लोकसंख्या वाढली, पापुद्रे जास्त सोलले गेले, मेंढ्या वाढल्या आणि उघडी पडलेली वाळू उडू लागली. कोटवाइकजवळ वाळूनं शेतं गिळली. १९७०च्या दशकात तिथे उत्खननात मध्ययुगातलं एक अख्खं गाव वाळूखाली सापडलं. तिथलं वाळूचं रान आजही सुमारे ७०० हेक्टर आहे, पश्चिम युरोपातलं अशा प्रकारचं सगळ्यात मोठं. हा प्रदेश इतका ओसाड मानला जाई की पहिल्या महायुद्धानंतर जावाशी, म्हणजे डचांच्या वसाहतीशी, बिनतारी बोलण्यासाठी डच सरकारनं दीर्घलहरींचं भलंमोठं केंद्र इथेच उभारलं. काँक्रीटची ती देवळासारखी इमारत माळावर एकटीच उभी आहे. साम्राज्याला बोलायला रिकामी जागा हवी होती, ती घरातच मिळाली.

‘रिकामी’ या शब्दाशी थोडं थांबायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये सुमारे ६,००,००० हेक्टर हीथ, म्हणजे हेदरचा माळ, होता. कागदोपत्री तिला नाव होतं ‘वूस्ते ग्रोंड’, ओसाड जमीन. हजार वर्षं ज्या जमिनीवर गावाची भाकरी पिकत होती तिला सरकार ओसाड म्हणत होतं, कारण तिच्यावर सारा बसत नव्हता. १८८६च्या कायद्यानं गावकीची उरलीसुरली सामाईक रानं वाटून टाकायची तजवीज केली. १८८८ साली आर्नहेमला माळ लागवडीखाली आणण्यासाठी एक संस्था निघाली. आज जगभर पूल-रस्त्यांचे आराखडे करणारी आर्काडिस कंपनी ती हीच. १८९९ला सरकारी वनखातं आलं आणि उडती वाळू बांधण्यासाठी, तसंच लिंबर्गच्या कोळसा खाणींना टेकूचं लाकूड पुरवण्यासाठी, माळावर स्कॉट्स पाइनच्या रांगा लावल्या गेल्या. तोवर ऑस्ट्रेलियाच्या लोकरीनं भाव पाडले होते आणि रासायनिक खत बाजारात आलं होतं. मेंढीनं कस वाहून आणायची गरजच उरली नाही. ६,००,००० हेक्टरांपैकी आज ४०,०००च्या आसपास शिल्लक आहेत, त्यांतला मोठा भाग व्हेलुवेवर, आणि त्यातही बराच टिकला तो रणगाड्यांच्या आणि तोफांच्या सरावाला जागा लागते म्हणून.

हा ओसाडपणाचा शिक्का आपल्या ओळखीचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला आपण पडीक म्हटलं, मग तिथे उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली, आणि ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे तो माळढोक दिसेना झाल्यावर हळहळलो. २०१९च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प होता. मोकळं गवताळ रान म्हणजे झाडांची वाट पाहणारी जागा, ही समजूत त्यामागे किती होती ते पाहिलं तर डच वनखात्याला हसण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आता पोल्ट्रीच्या शेडकडे वळू, कारण कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा दुवा तिथे आहे. बार्नेव्हेल्टला कोंबड्या का? चिकणमातीच्या सुपीक पट्ट्यात, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, मोठे शेतकरी गहू, बटाटा, साखरबीट घेत. वाळूच्या कडेला शेतं लहान, माती हलकी, हातात भांडवल नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा चार-पाच हेक्टरवाल्याला सरकारी सल्लागार, सहकारी संस्था आणि बँक सगळे एकच सांगत होते, की जमिनीवर पोट भरत नसेल तर छपराखाली भरा. रॉटरडॅम बंदरात जहाजातून स्वस्त धान्य उतरत होतं, पुढे दक्षिण अमेरिकेतलं सोयाबीन उतरू लागलं. ते विकत घ्यायचं, कोंबडीला, डुकराला, मांसासाठीच्या वासराला घालायचं, अंडी-मांस विकायचं. यासाठी शेत लागतच नाही, एक शेड पुरते. म्हणजे ज्या वाळूमुळे माळ हळवा, त्याच वाळूमुळे त्याच्या अगदी काठाशी देशातली सगळ्यात दाट पशुपैदास. हा दुर्दैवी योगायोग नव्हे, एकाच भूगर्भाचे हे दोन परिणाम. आज साधारण १० कोटी कोंबड्या त्या देशात आहेत, माणसांच्या पाचपटीहून जास्त.

जहाजातून आलेल्या सोयाबीनमधलं नत्र कुठे जातं? थोडं अंड्यात आणि मांसात जाऊन निर्यात होतं. उरलेलं विष्ठेत. त्यातला काही अमोनिया शेडमधून आणि शेतावर पसरताना हवेत उडतो आणि पहिल्या उंचवट्यावर, पहिल्या झाडांवर उतरतो. आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस असते. युरोपात जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलोंची मर्यादा आहे आणि डच दुग्धव्यावसायिकांनी सवलत मिळवून वर्षानुवर्षं २५०पर्यंत खत टाकलं. हेदरचा माळ सोसतो तो वर्षाला हेक्टरी दहा ते पंधरा किलो. त्यापुढे गवत हेदरला मागे टाकतं, माळ पिवळट एकसुरी होतो, माती आणखी आंबते, अ‍ॅल्युमिनियम सुटं होतं, उरलासुरला चुना निघून जातो. गरिबीवर उभी असलेली ही वनस्पतीसृष्टी सुबत्तेनं मरते.

हिशेब असा उलटा झालाय. हजार वर्षं कस माळावरून गावाकडे गेला. गेली सत्तर वर्षं तो गावाकडून माळाकडे जातोय आणि तोही गावाचा स्वतःचा नाही, ब्राझीलच्या सोयाबीनच्या शेतांचा.

२९ मे २०१९ला नेदरलँड्सच्या राज्य परिषदेनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं, सरकारची नायट्रोजन योजना रद्द केली. योजना मोठी हुशार होती. उद्या प्रदूषण कमी होणार आहे असं गृहीत धरून आजच परवाने वाटायचे. न्यायालयानं म्हटलं, आधी कमी करा. सुमारे १८,००० प्रकल्प अडकले. ऑक्टोबरपासून ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर आले. २०२०मध्ये महामार्गांवरची दिवसाची वेगमर्यादा १०० किलोमीटरवर आणली. २०२२च्या जूनमध्ये सरकारनं नकाशा काढला, त्यात नत्राची घट काही भागांत ७० टक्के तर काही ठिकाणी ९५ टक्के लिहिलेली. शेतकऱ्यांनी देशाचे झेंडे उलटे टांगले. २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत २०१९मध्ये निघालेला शेतकरी पक्ष पहिला आला. मग नवं सरकार आलं आणि आधीच्या सरकारनं बदलासाठी राखलेला सुमारे २४ अब्ज युरोंचा निधी त्यानं गुंडाळला. जानेवारी २०२५मध्ये हेगच्या न्यायालयानं पुन्हा मुदत घातली, २०३०पर्यंत सगळ्यात नाजूक निसर्गाचा निम्मा भाग मर्यादेखाली आणा, नाहीतर एक कोटी युरो दंड. सहा वर्षांत प्रत्येकानं एकदा जिंकून घेतलं आणि माळावर काही फरक पडला नाही.

शेतकऱ्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा, की हीथ हा निसर्गच नव्हे. आमच्या पणजोबांनी जंगल तोडून, पापुद्रे सोलून तो माळ बनवला. आता शहरातले लोक रविवारी सायकलवर येऊन त्याचे फोटो काढतात आणि त्या फोटोंसाठी आम्ही गोठे बंद करायचे? यातला पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच तो माळ राखण्याविरुद्धचा मुद्दा म्हणून टिकत नाही. माणसाच्या हातून झालेली वस्तू कमी मोलाची असा नियम आपण कुठे लावतो? वेरूळची लेणीही कोणीतरी डोंगर फोडूनच केली. शिवाय माळ पणजोबांनी बनवला असेल, पण सरडे, फुलपाखरं आणि दगडफुलं पणजोबांची वाट पाहून आली नव्हती. ती या गरीब वाळूवर जगायला आधीपासून शिकली होती आणि त्यांना दुसरी वाळू नाही. आणि समजा, हेदर सोडून दिलं आणि उद्या सगळीकडे जंगल येऊ दिलं, तरी त्या जंगलातल्या अंड्यांना कवच कुठून येणार? गोगलगायी जंगलातूनच नाहीशा झाल्या होत्या. वाळूच्या तिजोरीत खडखडाट आहे तोवर वर काय उगवतं हा दुय्यम प्रश्न.

निसर्गवाल्यांकडेही मला बोट दाखवायचं आहे. गवत माजलं की यंत्र आणून वरची माती खरवडायची, हा त्यांचा आवडता इलाज. पणजोबाही खरवडत होते, हे खरं. पण ते शेणाचा आणि भाकरीचा हिशेब ठेवून खरवडत होते, एकेक तुकडा. यंत्र नत्राबरोबर फॉस्फरस आणि उरलेली खनिजंही घेऊन जातं आणि मागे राहतं ते जास्तच कंगाल मैदान. अलीकडे खडकाची बारीक पूड पसरून पाहतायत, म्हणजे मातीत मुरत-मुरत खनिजं सुटतील. प्रयोग म्हणून रास्त आहे. दख्खनच्या माणसाला तर गंमतच वाटेल, आपल्या पायाखाली जे किलोमीटरभर जाड पडलंय ते तिथे थैलीनं आणतायत. पण वरून नळ चालू ठेवून खाली बादलीनं उपसण्याला धोरण म्हणत नाहीत.

अन्याय झालाय हेही नाकारता येत नाही. अडीच हजारांच्या आसपास छोट्या शेतकऱ्यांना रद्द झालेल्या योजनेनं सांगितलं होतं, तुमचं प्रमाण कमी आहे, परवाना नको, नुसती नोंद करा. त्यांनी केली. योजना रद्द झाली आणि नियम पाळणारे हे लोक एका रात्रीत बेकायदा ठरले. दुसरीकडे विमानतळानं शेतं गाठून त्यांच्या वाट्याचा नत्र हवेत सोडण्याचा हक्क विकत घेतला. एमाउडनचा टाटांचा पोलाद कारखाना देशातल्या सगळ्यात मोठ्या नायट्रोजन ऑक्साइड स्रोतांपैकी आहे, हे शेतकरी बरोबर दाखवून देतात. तरीही मातीवर पडणाऱ्या एकूण नत्रात शेतीचा वाटा जवळजवळ निम्मा आहे आणि एक तृतीयांशाच्या आसपास शेजारी देशांतून येतो. पोलाद कारखाना उद्या बंद झाला तरी बार्नेव्हेल्टच्या वाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

मला योग्य वाटतो तो मार्ग फार आकर्षक नाही. व्हेलुवेच्या पश्चिमेच्या पट्ट्यात जनावरं कमी व्हायलाच हवीत, आधी तिथे, आणि देशभर सरसकट टक्केवारी लावून नव्हे. अमोनिया लांबवरही जातो, पण नायट्रोजन ऑक्साइडच्या मानानं तो उगमाजवळ जास्त उतरतो. शेताच्या स्वतःच्या चाऱ्यावर जेवढी पोसतील तेवढीच जनावरं, हा नियम माळाकाठी हवा. शेडमध्ये नवी फरशी, नवी गाळणी, नवी यंत्रं बसवून प्रश्न सुटेल असं उद्योग दर काही वर्षांनी सांगतो, कागदावर घट दिसते, प्रत्यक्षात मोजली की ती कमी भरते, आणि यंत्राचं कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहतं. कर्ज देणाऱ्याला मात्र धोका नसतो. म्हणून खर्चात बँक, खाद्य कंपन्या आणि प्रक्रिया उद्योग यांचा वाटा कायद्यानं असावा, कारण सत्तर वर्षं कसाच्या या वाहतुकीवर त्यांनी हमखास कमावलं. ज्यांनी नियम पाळून नोंद केली त्या छोट्या शेतकऱ्यांना सगळ्यात आधी कायदेशीर करावं. आणि विकत घेतलेल्या गोठ्यातून मिळालेली घट माळाच्याच नावावर राहावी, ती उचलून महामार्गाला देणं बंद व्हावं. शेतकऱ्याचा संताप निम्मा तिथला आहे. आपण गोठा बंद करायचा आणि त्या जागी कोणीतरी विमान उडवायचं, हे त्याला दिसतं.

या सगळ्यात मेंढपाळ कुठे आहे? एर्मेलो, एडे, रेडेन अशा ठिकाणी हीथचे कळप आजही चरतात. बहुतेक अनुदानावर आणि देणग्यांवर. लोकरीला भाव नाही. त्यात २०१८पासून व्हेलुवेच्या उत्तर भागात लांडगी स्थिरावली, पुढच्या वर्षी तिला पिल्लं झाली आणि कळपांना विजेची कुंपणं आली. प्राणिप्रेमींना लांडगा हवा, हेदरप्रेमींना मेंढी हवी, बरेचदा ती एकच माणसं असतात आणि एका घरात दोन्ही पोस्टर लागलेली असतात. माझं मत मेंढपाळाच्या बाजूनं झुकतं. कुंपणाचा, कुत्र्यांचा, रात्रीच्या राखणीचा पूर्ण खर्च समाजानं उचलावा, अर्ज-पुरावे-पंचनामे न मागता. माळाचं काम जाणणारे हात आता फार थोडे उरलेत आणि ते गेले तर यंत्राशिवाय काही राहणार नाही. लांडगा स्वतःचं बघून घेईल.

त्या वल्गुलींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना जंगलात काही घरटी अशीही सापडली, ज्यांतली अंडी अगदी धडधाकट होती. माती तीच, झाडं तीच, गोगलगायींचा दुष्काळ तोच. शोध घेतल्यावर दिसलं, की यातली बरीच घरटी सहलीच्या बाकड्यांजवळ किंवा शेतघरांजवळ होती. लोक डब्यात उकडलेली अंडी आणत, बाकड्यावर बसून सोलत आणि टरफलं तिथेच टाकत. शेतघराजवळ कोंबड्यांसाठी ठेवलेली चुनखडी असे. पाखरं ती टरफलं आणि ते खडे वेचून नेत आणि त्यातून आपल्या अंड्यांची कवचं बनवत.